दहा बैठका, हात न टेकता

प्रशांतने अट घातली ती संडासावरून. माझा एकुलता एक मुलगा, इंजिनियर, महिन्यातून दोनदा विमानाने हैदराबादला जाऊन येतो. पण आईला तिच्या घरी सोडायचं म्हटलं की त्याला पहिला आठवतो तो संडास.

"आई, चाळीत देशी संडास आहे. एकदा खाली बसलीस की उठवणार कोण तुला?"

"चाळीस वर्षं कोण उठवत होतं?"

"तेव्हा पायात प्लेट नव्हती."

ते खरं होतं. मागच्या वर्षी कल्याणला, कोळसेवाडीत, आमच्या चाळीच्या सार्वजनिक संडासाबाहेरच्या ओल्या लादीवर माझा पाय सटकला. उजवा घोटा मोडला. एक प्लेट, सहा स्क्रू. हॉस्पिटलमधून प्रशांतने मला उचललं ते थेट ठाण्यात, कोलशेतला, त्याच्या एकोणिसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. म्हणाला, महिनाभर राहा. त्या महिन्याचं वर्ष झालं.

आता कोणी म्हणेल, या बाईला झालंय काय? मुलगा चांगला, सून प्रियांका चांगली, अडीच वर्षांची नात समृद्धी म्हणजे साखरेचं पोतं. एसी आहे, लिफ्ट आहे, खिडकीतून खाडी दिसते. सगळं खरं. पण मला तिथे घुसमटायला होतं. एकदा कोथिंबीर आणायला म्हणून मी एकटी खाली उतरलेले, तर गेटवरच्या वॉचमनने प्रशांतला फोन लावला, "सर, आपकी मदर गेट पे खडी है." जशी काय सुटलेली म्हैस! प्रशांत रागावला नाही, तो कधी रागावत नाही, हीच तर पंचाईत आहे. गोडच बोलला. पण दुसऱ्या दिवसापासून वॉचमन मला कोणी सोबत असल्याशिवाय बाहेर सोडेना. त्या बिल्डिंगीत मला कोणी कांता म्हणत नाही. मी 'नाइन्टीन झीरो थ्रीवाली आजी'.

चाळीत माझी एक खोली आहे, दहा बाय बारा. नवऱ्यामागे माझ्या नावावर आहे. दार उघडलं की पॅसेज, पॅसेजमध्ये शेजारची सखुबाई निवडत बसलेली, समोर बुद्धविहार. कोणाला न विचारता मी तिथून बाहेर पडायचे आणि कोणाला न सांगता आत यायचे. मला तेच पाहिजे होतं. दुसरं काही नको.

रोज जेवताना मी तोच विषय काढायचे. शेवटी एक दिवस प्रशांत हात धुताधुता म्हणाला, "ठीक आहे. दहा बैठका घालून दाखव. पूर्ण खाली, टाचा जमिनीला, हात कुठे टेकायचा नाही. आणि एका हातात पाण्याने भरलेलं टमरेल. पाणी सांडलं तर बाद. जमलं, की मी स्वतः नेऊन सोडतो कल्याणला."

"शब्द?"

"शब्द."

प्रियांका हसली. प्रशांतही हसला. त्याला वाटलं, म्हातारी आता गप्प बसेल. अरे मेल्या, बैठका कोणाला सांगतोस तू?

पंधरा वर्षांची होते तेव्हा आमच्या वस्तीच्या मुलींचा कबड्डीचा संघ होता. भगवान मास्तर शिकवायचे. चढाईला जायच्या आधी दोनशे बैठका, आणि एकीने चुकवली की सगळ्यांना पहिल्यापासून. लग्न झालं आणि मैदान सुटलं. एका खोलीत पाच माणसं, त्यात नवी सून बैठका घालते म्हटल्यावर सासूने कपाळच बडवून घेतलं असतं. मग मी नळावर सुरू केलं. पहाटे पाणी यायचं, रांग लागायची, आणि रांगेत उभ्याउभ्या माझं चालू. कळशी भरेपर्यंत चाळीस व्हायच्या. बायका फिदीफिदी हसायच्या, मी म्हणायचे, हसा गं, तुमचंही अंग हलतंय तेवढंच.

पुढे महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून लागले. तिथे तुटक्या बाकांची एक खोली होती. शाळा भरायच्या आधी मी तिथे पंचवीस उरकायचे. पन्नाशीला गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा पूर्ण खाली जाणं सोडलं, भिंतीला पाठ लावून अर्ध्या घालायला लागले. रिटायर झाल्यावर सखुबाईला धरून गच्चीवर चालणं आणि शेवटी वीस. एक दिवस सोडला नाही असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू? बाळंतपणात सोडलं, प्रशांतचे बाबा गेले तेव्हा तीन महिने सोडलं, आणि या प्लेटने सोडायला लावलं. पण दर वेळी शरीराने नवीन काहीतरी हट्ट धरला आणि मी त्याच्याशी जुळवून घेतलं.

आता परत पहिल्यापासून. डॉक्टर म्हणालेले, हाड जुळलंय, सावकाश वाकवा, दुखलं की थांबा. फिजिओची मुलगी दहा दिवस येऊन टाच उचलायचे आणि घोटा फिरवायचे व्यायाम शिकवून गेलेली. त्यापुढचं मी आणि गंगूने मिळून ठरवलं.

गंगूबाई समृद्धीला सांभाळायला येते. टिटवाळ्याहून येते, सकाळी नऊला हजर, संध्याकाळी सातला प्रियांका ऑफिसातून आली की जाते. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून तो घरीच असतो, तिच्या एकटीवर घर चालतं. मला ताई म्हणते, मी तिला गंगे म्हणते. वर्षभर त्या घरात दिवसा माझ्याशी माणसासारखं बोलणारी ती एकटी. तिला अट सांगितली तर पोट धरून हसली. मग म्हणाली, "ताई, खुर्चीपासून धरा. एकदम जमिनीवर उडी मारू नका."

खुर्चीवर बसायचं, हात छातीशी, उठायचं. पहिल्या दिवशी चार झाल्या. घोटा असा ठणकला की डोळ्यांतून पाणी आलं. आठ दिवसांत पंधरा झाल्या. मग खुर्चीपेक्षा खालचं काय? तर माझी रद्दी. त्या घरात मराठी पेपर मी एकटी वाचते, मागच्या बाल्कनीत त्यांचा गुडघ्याएवढा गठ्ठा साचलेला. त्यावर बसायचं नि उठायचं. नीट जमलं की वरचे आठवड्याचे पेपर काढून गंगूच्या पिशवीत. नवे पेपर मी तिकडे ठेवतच नव्हते, गादीखाली घालत होते. असं करत करत गठ्ठा खाली गेला आणि मी त्याच्याबरोबर खाली गेले. टाच वर उचलली जायची म्हणून खाली टॉवेलची घडी घालायचे, आणि तीही दर आठवड्याला पातळ करत आणली.

तीन महिन्यांनी गठ्ठा वीतभर उरला. आणि एका शनिवारी प्रियांकाने घर आवरायला घेतलं, रद्दीवाल्याला बोलावलं नि अख्खा गठ्ठा देऊन टाकला. गादीखालचेसुद्धा! "आई, गादीखाली पेपर? झुरळं होतील ना!" तिला काय बोलणार? माझी तीन महिन्यांची उंची ती विकून बसलेली. मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. त्यांना वाटलं बीपी वाढलंय.

तिसऱ्या दिवशी मला सणक आली आणि मी गठ्ठ्याशिवाय, टॉवेलशिवाय थेट जमिनीपर्यंत बसले. बसले, पण उठता येईना. गंगू आत समृद्धीला अंघोळ घालत होती, तिला हाक मारायची लाज वाटली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मांड्या थरथरायला लागल्या, मग बूड टेकलं. शेवटी गुडघ्यांवर रांगत सोफ्यापर्यंत गेले आणि त्याला धरून उभी राहिले. बाई गं, त्या दिवशी मी रडले! पाय दुखला म्हणून नाही. प्रशांत खरं बोलत होता म्हणून.

गंगूने माझे डोळे बघितले. दुपारी समृद्धीचं ते छोटं प्लास्टिकचं भांडं आणून माझ्यासमोर ठेवलं, पोरांना शी करायला शिकवतात ते, निळं, त्यावर बदकाचं तोंड. म्हणाली, "हे घ्या. रद्दीएवढंच आहे. कोण विकणार नाही."

भांडं हॉलमध्ये असायचं, टीव्हीसमोर, कारण समृद्धीला तिथेच बसायची सवय. मग मी बाल्कनीतून हॉलमध्ये आले. आधी ती बसायची, तिचं झालं की गंगू भांडं धुऊन पुसून माझ्या मागे ठेवायची आणि मी बैठका घालायचे. पोरगी टाळ्या पिटायची, "आजी पण शी!" आम्ही दोघी हसून हसून लोळायचो. वर्षभरात मी तेवढं कधी हसले नव्हते.

मग तिला खेळ सापडला. मी खाली गेले की ती माझ्या गळ्यात पडायची, "आजी, वर!" आधी मी तिला दूर करायचे. मग एक दिवस घेतलं. तेरा किलोचं पोर छातीशी धरून उठले, आणि गंमत बघा, उठायला सोपं गेलं. पुढे वजन आलं की तोल मागे जात नाही, हे भगवान मास्तर सांगायचे ते मला पन्नास वर्षांनी कळलं. मग रोजचंच झालं. "आजी, खाली! आजी, वर!" ती मोजायची, "एक, दोन, पाच, दहा." मला पाय बळकट होताना जाणवत होते. दोन महिन्यांत भांडं काढून टाकलं. मग समृद्धीला खाली ठेवून रिकाम्या हातांनी जमायला लागलं. मग टमरेल. पहिल्या दिवशी अर्धं पाणी लादीवर, गंगू फडकं घेऊन मागे मागे. शेवटी थेंब सांडेना.

हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या वर, एक कॅमेरा आहे. गंगू लागली तेव्हाच लावलेला. प्रियांका माजिवड्याच्या ऑफिसातून मोबाइलवर बघते, बाई पोरीला मारत तर नाही ना, उपाशी तर ठेवत नाही ना. गंगूला ते माहीत होतं. म्हणायची, बघू दे, मी काय चोरी करते? आणि मी मूर्ख! माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, की त्या कॅमेऱ्याला मीसुद्धा दिसते. कॅमेरा गंगूवर आहे म्हणजे गंगूवरच आहे, असं धरून चाललेले. माझ्याकडे तिथे कोण बघत होतं?

रविवारी नाश्ता झाल्यावर मी जाहीर केलं, "चला, परीक्षा घ्या."

बॅग मी शनिवारीच भरून ठेवलेली. सखुबाईला फोन करून सांगितलेलं, खोली झाडून ठेव, मी येतेय. ती म्हणाली, ये बाई लवकर, पॅसेज ओस पडलाय. मला रात्रभर धड झोप आली नव्हती, पण ती आनंदाने.

प्रशांतने स्वतः टमरेल काठोकाठ भरून आणून दिलं. मी साडीचा काष्टा मारला. प्रियांकाने मोबाइल समोर धरला, शूटिंग करायला. एक. दोन. तीन. घोटा सातवीला थोडा कुरकुरला, मी मनात म्हटलं, गप बस, आज नाही. आठ. नऊ. दहा! लादीवर थेंब नाही. टमरेल खाली ठेवलं, समृद्धीला उचललं आणि तिला घेऊन आणखी दोन घातल्या, फुकटच्या.

"झालं? आता गाडी काढ," मी म्हटलं. छाती धपापत होती, पण आवाज कसा खणखणीत.

प्रियांकाने येऊन मला मिठीच मारली. तिचे डोळे भरलेले. "आई, तुम्ही ग्रेट आहात! मी रोज बघते ना कॅमेऱ्यात, समूला घेऊन कशा उठता-बसता तुम्ही. ऑफिसात सगळ्यांना दाखवते. मला इतकं हलकं वाटतंय म्हणून सांगू!"

"कॅमेऱ्यात?"

"हो ना. आधी वाटायचं, तुम्हाला एकटीला कसं जमेल. पण आता तुम्ही तिला अशी उचलता. गंगूबाईंपेक्षा ती तुमच्याकडे जास्त खूश असते. म्हणून मी आणि प्रशांतने ठरवलंय, पहिल्या तारखेपासून गंगूबाईंना नको सांगायचं. घरचं माणूस असताना बाहेरचं कशाला?"

मी प्रशांतकडे बघितलं. तो हसत होता. तेच गोड हसू.

"आणि माझं घर?" मी विचारलं.

"आई, तू आजारी होतीस तेव्हा घर घर करत होतीस. आता ठणठणीत झालीस. मग एकटीने तिकडे कशाला राहायचं? महिन्यातून एकदा मी नेईन ना तुला, सखुमावशीला भेटून यायचं."

"तू शब्द दिलेलास."

"अगं, तो तू व्यायामाला लागावीस म्हणून. बघ, लागलीस ना? नाहीतर पलंगावर पडून राहिली असतीस."

मला वाटलं, टमरेल उचलावं आणि त्याच्या डोक्यावर ओतावं. पण त्याच्या तोंडावर नुसतं कौतुक होतं. माझं कौतुक! माणूस दुष्ट असता तर भांडले असते, चार घरं ऐकतील असं भांडले असते. याच्याशी काय भांडू? पाय धड नव्हता तेव्हा पायासाठी ठेवून घेतलं. पाय धड झाला, आता नातीसाठी ठेवून घेणार. बॅग दाराशी होती. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, मी आणि तेरा किलोचं पोर, आणि बोलायला माणूस नाही. आणि गंगू? सहा महिने तिने माझ्या बैठका मोजल्या, माझं सांडलेलं पाणी पुसलं, आणि प्रत्येक बैठकीगणिक मी तिचीच नोकरी खात होते. दोघींपैकी एकीलाही ते कळलं नाही.

"आत्ताच फोन करते त्यांना," प्रियांका म्हणाली. "म्हणजे दुसरं काम शोधायला आठ दिवस तरी मिळतील." मोबाइलमध्ये तिने नंबर काढला. रिंग वाजायला लागली.

"थांब," मी म्हटलं. "अजून एक राहिली."

समृद्धीला खाली ठेवलं. टमरेल परत हातात घेतलं. प्रशांत म्हणाला, "अगं पुरे आता." मी खाली गेले, पूर्ण खाली, टाचा जमिनीला. टमरेल हातातून सोडून दिलं. पाणी लादीभर झालं. आणि मी बूड टेकून ओरडले, "आई गं! गेला! घोटा गेला माझा!"

प्रियांकाने फोन कापला. दोघं धावले. समृद्धी रडायला लागली.

"कुठे दुखतंय? इथे? इथे?" प्रशांत घोटा दाबून बघत होता. मी सगळीकडेच "हो" म्हणत होते. त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला, आणि खरं सांगते, मला त्याची दया आली. पण मी डोळे मिटून घेतले.

"बघ, म्हणून मी नको म्हणत होतो," तो म्हणाला. "आता कल्याणचं नावसुद्धा काढायचं नाही."

"नाही काढणार," मी म्हटलं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. मिस कॉल बघून गंगूचाच उलट फोन आलेला. प्रियांका एका हाताने समृद्धीला सावरत बोलली, "काही नाही हो गंगूबाई, उद्या जरा लवकर या. आईंचं परत दुखावलंय. नाही, नाही, तुमच्याशिवाय कसं होणार?"

प्रशांतने माझ्या काखेत हात घातले आणि मला उचलायला लागला. ओल्या साडीत माझे दोन्ही पाय चांगले होते, भक्कम होते. नुसतं मनात आणायचा अवकाश, मी उभी राहिले असते. मी अंग सैल सोडलं. त्याला घाम फुटला.

"आई, थोडा जोर लाव ना."

"नाही रे होत," मी म्हटलं.